ठेवाची असन तर दोन ने

माझ्या मोठमायइतकी कोंबडीच्या मनाची जाणकार व्यक्ती अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरी नाही. हे विधान मी भाचीच्या मायेने करत नाही. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर पुढील अभ्यासासाठी मी पक्ष्यांचे वर्तन हाच विषय निवडला. त्यामुळे या विषयातली जाणकार माणसे शोधणे हा आता माझ्या कामाचाच भाग आहे. आजवर जी भेटली, त्यांपैकी कोणाच्याही ज्ञानाला अंगणातल्या कोंबड्यांनी इतक्या तत्परतेने दुजोरा दिलेला मी पाहिलेला नाही. मोठमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. शिक्षण चौथीपर्यंत, उंची बेताची, आवाज मात्र शेताच्या दोन धुऱ्यांपलीकडे ऐकू जाईल असा. कोंबडी हा समूहात राहणारा पक्षी आहे, त्याला खाणे, झोपणे, घाबरणे आणि धीर धरणे ही सारी कामे सोबतीने करावी लागतात, हा भाग आमच्या वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवला गेला. मी सुट्टीत येऊन तो मोठ्या उत्साहाने मोठमायला समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "हे सांगाले तुमाले कालेजात इतके दिवस लागले?"

तिचा पहिला नियम असा की तिच्या अंगणातून कोंबडी एकटी बाहेर जात नाही. कोणी मागायला आले की ती आधी हेतू विचारते. "कापाची असन तर एक ने, पन आजच्या आज काप. ठेवाची असन तर दोन ने." या नियमात तिला काहीही विसंगत वाटत नाही. रविवारी ती स्वतः तिखट रस्सा ओरपते आणि सोमवारी कोणाच्या ओसरीत एकटी बांधलेली कोंबडी दिसली तर त्याच्याशी भांडते. खाणे हा व्यवहार आणि एकटे ठेवणे हा अन्याय, अशी तिची स्वच्छ विभागणी आहे. शिवाय दिलेल्या जोडीची ती न कळवता तपासणी करते. गावातल्या एका गुरुजींना तिने दोन कोंबड्या दिल्या होत्या. महिन्याभराने ती त्यांच्या घरी पाणी प्यायच्या निमित्ताने शिरली, तर एक कोंबडी परसात आणि दुसरी पायाला सुतळी बांधून पुढच्या दारात. गुरुजी म्हणाले, "दोघी लय भांडत होत्या, म्हणून वेगळ्या केल्या." मोठमायने दोन्ही काखोटीला मारल्या आणि निघताना म्हणाली, "गुरुजी, तुमचं अन् बाईचं काल रस्त्यावर ऐकू येत होतं. तुमाले कोनी सुतळी बांधली का?" पुढे गुरुजींनी रीतसर माफी मागितली तेव्हाच जोडी परत गेली.

हाच नियम ती माणसांनाही लावते, आणि त्याबाबतीत समोरच्याची परवानगी घेत नाही. नवीन आलेले ग्रामसेवक दुपारी कार्यालयात एकटेच डबा खातात हे कळताच ती स्वतःची भाकर-भाजी फडक्यात बांधून त्यांच्यासमोर जाऊन बसली. ते बिचारे तक्रार असावी असे समजून घास ठेवून नोंदवही उघडून बसले. "काय अडचण आहे, मावशी?" "अडचन मले नाही, तुमाले आहे. खा." असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी ग्रामसेवकांनी शिपायाला आणि रोजगार सेवकाला आपल्यासोबत बसायला लावले, तेव्हा मोठमायने आपले जाणे बंद केले. नागपूरला माझा वसतिगृहात प्रवेश झाला त्या दिवशी वडिलांनी फी, मेस, वेळापत्रक असे सारे विचारले. मोठमायने वॉर्डनबाईंना एकच प्रश्न केला, "खोलीत किती जनी?" तीन, असे उत्तर आल्यावर तिने मान डोलावली. "तीन बेस आहे. दोघी भांडल्या तं समजवाले एक पायजे."

आता कोंबड्यांच्या नावांबद्दल सांगायला हवे, कारण पुढची हकिकत त्यावरच उभी आहे. आमचे जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. मी तेव्हा शाळेत होते. प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि गाव दोन गावठाणांत विभागले गेले, एक नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. मोठमाय अलीकडे आली. तिची पंचवीस वर्षांची शेजारीण, जिला आम्ही सारे आता पल्याडची मावशी म्हणतो, ती पलीकडे गेली. दोघींनी निघताना आपापल्या कोंबड्या टोपल्यांत भरून नेल्या. नव्या गावठाणात रस्ते सरळ होते, घरांना नंबर होते, आणि शेजारी कोण ते चिठ्ठीने ठरवलेले होते. मोठमायने त्यावर कधी भाषण केले नाही. तिने फक्त कोंबड्यांना जुन्या गावातल्या जागांची नावे दिली. गिरणीवाली, विहारामागची, चिंचेखालची, घाटावरची, शाळेच्या भिंतीजवळची, आणि मावशीचे घर ज्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी होते, त्या जागेवरून बोडीकाठची. कोंबडी गेली की तिच्या पिलावळीतली एक ते नाव पुढे चालवत असे. दिवस कलला की मोठमाय खुराड्याच्या दाराशी उभी राहून हजेरी घेई आणि अकरा जणी एकामागून एक आत शिरत. बाहेरच्या माणसाला ती कोंबड्यांची हजेरी वाटे. आमच्या गावाचे कोणी ऐकत उभे राहिले तर हळूच डोळे पुसे, कारण ती हजेरी घाटापासून गिरणीपर्यंत, घरांच्या नेमक्या क्रमाने चाले.

गेल्या वर्षी माझी इंटर्नशिप जवळच्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात लागली आणि मी मोठमायकडे राहायला आले. पहिल्याच आठवड्यात आम्ही तिच्या गावठाणात कोंबड्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस टोचण्याचे शिबिर घेतले. यादी मी केली होती. घरचे आधी केले असे कोणी म्हणू नये म्हणून मोठमायचे घर मी सर्वांत शेवटी लिहिले. हा माझा काटेकोरपणा. कालवलेली लस थोड्याच वेळात संपवावी लागते. ती मोठमायच्या शेजाऱ्याच्या शेवटच्या कोंबड्याला टोचताना संपली. पुढचे शिबिर तीन आठवड्यांनी ठरले. मानमोडी त्याआधी चार दिवस आली. लस टोचलेल्या गावठाणात तिला एकच अंगण मोकळे सापडले. चार दिवसांत दहा कोंबड्या माना पिळवटून गेल्या. गिरणी, विहार, चिंच, घाट, सारे. मागे राहिली ती बोडीकाठची. ती का वाचली हे मला आजही नेमके सांगता येणार नाही. मी खड्डे खणले, चुना टाकला आणि मोठमायसमोर जाऊन उभी राहिले. "मोठमाय, चुकी माही आहे. तुयं नाव मी खाली टाकलं." ती हात धूत होती. म्हणाली, "लोकाईच्या वाचल्या ना? मंग यादी बरोबरच होती. आता हे जे उरली तिचं पाय."

तिचे पाहणे मात्र अवघड होते, कारण आता नियम माझा आडवा येत होता. आजाराच्या अंगणात निदान सहा आठवडे नवा पक्षी आणायचा नाही, आणि वाचलेला पक्षी दुसऱ्याच्या अंगणात न्यायचा नाही. मोठमायने हे ऐकले आणि फाटकाला स्वतःच्या हाताने दोरी बांधली. गावठाणातल्या कोणाच्याही कोंबड्यांना आपल्यामुळे धोका होऊ नये, याबद्दल तिचे दुमत नव्हते. तिने फक्त एवढेच सांगितले, "तुया बिमारीले सहा हप्ते पायजेत. इचं पोट आठ दिवसबी नाही थांबाचं." आणि बोडीकाठचीने दुसऱ्याच दिवसापासून दाणा टिपणे सोडले. खुराड्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून ती बसून राही. तुरा फिका पडला. दुपारी मध्येच उठून एक लांब, वर चढत जाणारी हाक देई, मान वाकडी करून ऐके आणि पुन्हा बसे. दिवस कलला की मोठमाय पूर्वीसारखीच अकरा नावे घेई, प्रत्येक नावानंतर तेवढेच थांबून. मी एकदा न राहवून म्हटले, "मोठमाय, ज्या नाहीत त्याईचे नाव कायले घेते?" ती म्हणाली, "एकदम तिचंच नाव घेतलं तं तिले वाटन, आपन चुकीच्या गावात आलो."

मी शिकलेले उपाय सुरू केले. एकट्या पक्ष्यासाठी आरसा लावतात, म्हणून घरातला आरसा खुराड्याच्या जाळीला बांधला. बोडीकाठचीने आत पाहिले, आरशाच्या मागे जाऊन आली, पुन्हा पाहिले, आणि दोघी समोरासमोर उपाशी बसल्या. मोठमायने दोन दिवस वाट पाहून आरसा सोडला. "इनं खाल्लं तं ते खाते. इनं नाही खाल्लं तं तेबी उपाशी. असी मैतरीन कोन्या कामाची वं?" हे वाक्य मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतले. कोंबडी दुसरीला खाताना पाहून खाते; आरशातली कोंबडी कधीच पहिला घास घेत नाही. उपायाची नेमकी त्रुटी तिने मला दोन दिवसांत दाखवून दिली होती.

पाचव्या दिवशी दुपारी साडेचारला पल्याडच्या मावशीचा फोन आला. आमच्या प्लॉटवर नेटवर्क फक्त खुराड्याशेजारच्या दगडावर उभे राहिले की मिळते, त्यामुळे मोठमाय तिथे उभी होती आणि फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. "जयभीम बाई," मावशी म्हणाली, "थांब जरा, कोंबड्याईले दाने टाकतो." मूठभर धान पडल्याचा आवाज आला. मग तिच्या कोंबड्याने आपल्या माद्यांना बोलावण्याचा तो भराभर, खालच्या पट्टीतला कुकुकुकु सुरू केला. बोडीकाठचीने मान उचलली. ती कोपऱ्यातून उठली, जाळीपाशी आली, फोनच्या दिशेने दोन पावले टाकली.  मोठमायने वाकून मुठीतले धान जाळीतून आत सोडले. बोडीकाठचीने एक दाणा टिपला. थांबली. पलीकडून पुन्हा कुकुकुकु आले. तिने दुसरा टिपला. "काय झालं वं? बोलून काहून नाही रायली?" मावशी तिकडून ओरडत होती. मोठमाय कुजबुजली, "चूप बस बाई. तुया कोंबडा बोलून रायला."

दुसऱ्या दिवसापासून साडेचारचा फोन ठरून गेला. मला यात व्यवस्थापनाची सुधारणा सुचली. रोज मावशीला त्रास देण्यापेक्षा तो आवाज मी माझ्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित केला आणि दिवसातून चार वेळा लावायचे ठरवले. दीड दिवस बोडीकाठची धावत आली. नंतर मान वळवीनाशी झाली. कारण शोधायला मला वही चाळावी लागली, मोठमायला नाही. "तिकडं इचा आवाज जाते तवा तिकडचा कोंबडा थांबते, ऐकते, मंग बोलते. तुया डबा थांबतच नाही." मी ध्वनिमुद्रण पुसले. पुढचे पाच आठवडे साडेचारला मोठमाय एका काखेत कोंबडी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन दगडावर उभी राहिलेली गावठाणाने पाहिली. येणारेजाणारे दोरीपलीकडून विचारत, "काय वं, कोंबडीचा फोन आला का?" ती म्हणे, "हो. तुले कोनाचा येते?" त्यावर विचारणारा पुढे चालू लागे. कोंबडीच्या वेळात दोघी आपले काही बोलत नसत. मावशीने चुकून सुनेचा विषय काढला तर मोठमाय लगेच अडवी, "आपलं मंग. आता कोंबडीचा टाइम आहे." कोंबडीचे दाणे संपले की आपले सुरू होई, आणि ते चूल पेटवायची वेळ होईपर्यंत चाले. मी वजनकाट्यावर बोडीकाठचीचे वजन दर रविवारी लिहीत होते. ते चढत होते. मोठमायचेही काही चढत असावे, पण त्याचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

सहा आठवडे पूर्ण झाले, लस आली, आणि पल्याडच्या मावशीने आपल्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, द्यायचे कबूल केले. त्या मूळच्या मोठमायच्याच वंशातल्या; स्थलांतराच्या वेळी दोघींनी जोड्यांची अदलाबदल केली होती. त्या दोन्ही तलंगांना तिकडच्या दवाखान्यात लस देऊन झाली. मावशी टोपली मांडीवर घेऊन तीन एसट्या बदलून आली. मोठमाय दोरीच्या आत उभी. इतक्या वर्षांनी भेटलेल्या दोघी मैत्रिणी आता गळ्यात पडतील या अपेक्षेने मी जरा बाजूला सरले. मोठमायने आधी टोपलीवरचे फडके उचलले. "दोनच आहेत ना?" मावशी फणकारली, "मंग काय, एकटी आनन म्या? तुयाच हातची शिकली." त्यानंतर त्या गळ्यात पडल्या.

पण नियमांचे माझे काम संपले नव्हते. नव्या पक्ष्यांना एकदम जुन्यात सोडत नाहीत. सात दिवस जाळीच्या आडून एकमेकींना पाहू द्यावे लागते. हे मी सांगितल्यावर मावशीने चप्पल काढून भिंतीशी ठेवली. "मंग मीबी सात दिवस राहीन. नव्या जाग्यावर तलंगा एकट्या कश्या सोडू?" मी म्हटले, "मावशी, त्या दोघी आहेत." ती म्हणाली, "अन् मी?" मी आतून आणखी एक बाज काढून आणली. सात दिवस मोठमाय आणि मावशी जाळीच्या दोन बाजूंना बाजा टाकून बसल्या, कोंबड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. आठव्या दिवशी जाळी काढली. बोडीकाठचीने सरळ चालून जाऊन दोन्ही तलंगांना टाळूवर टोचले. माझा हात पुढे गेला. मोठमायने तो धरला. "टोचू दे. घर कोनाचं ते एकदा सांगू दे तिले." तिसऱ्या दिवशी तिघी एका दांडीवर बसल्या, बोडीकाठची मधोमध. पंधरवड्यात तिने अंडे घातले. मोठमाय ते तळहातावर घेऊन फाटकाबाहेर गेली आणि दहा घरांत दाखवून आली, जणू माझा निकाल लागला होता.

नावे ठेवायची वेळ आली तेव्हा मला वाटले, गिरणीवाली आणि विहारामागची पुन्हा येणार. मोठमायने मावशीच्या नव्या गावठाणातल्या प्लॉटचा नंबर विचारला आणि एकीचे नाव एकवीस ठेवले. दुसरीचे नाव तिच्या स्वतःच्या प्लॉटचे, शहाऐंशी. "काहून, मोठमाय? जुन्या जागा संपल्या का?" "संपाच्या कायले? पन इथंबी आता कोनीतरी राहून रायलं ना." त्या दिवसापासून हजेरीत तीनच नावे आली. बोडीकाठची पहिली.

आता मी त्याच पुढील अभ्यासासाठी दूरच्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेत आहे. एकटेपणी पक्षी अन्न का सोडतात, हाच माझा विषय. मुलाखतीत तो कसा सुचला असे विचारले तेव्हा मी मोठमायचे, तिच्या दगडाचे आणि साडेचारच्या फोनचे सविस्तर वर्णन केले. समोरच्या तिघांपैकी दोघांनी लिहून घेतले. इतका अभिमान मला पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता. इथे मला एकटीला स्वतंत्र खोली मिळाली आहे, हेही मी पहिल्याच दिवशी तिला ऐटीत कळवले.  ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. मोठमाय फक्त "बरं" म्हणून कधी फोन ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत कामात होते. दुपारचा डबा तसाच टेबलाखाली होता; इथे कोणाच्या जेवणाच्या वेळा जुळत नाहीत. साडेचारला फोन वाजला. मोठमायचे नाव. "हॅलो," मी म्हटले. उत्तर नाही. चुकून लागला असावा असे वाटून मी ठेवणार होते, तेवढ्यात मूठभर धान पडल्याचा आवाज आला, आणि मग चोचींची टकटक, बोडीकाठचीचा घोगरा कुरकुराट, एकवीसची आणि शहाऐंशीची घाई.  दगडावर उभी राहून, हात लांब करून, तिने फोन खाली कोंबड्यांजवळ धरला असणार. मी खुर्चीवर बसले.

बऱ्याच वेळाने लांबून तिचा आवाज आला, "खाऊन रायली का वं?"

"हो," मी म्हटले, आणि डबा उघडला.